दिवाणजींचें मौन

दिवसा आम्ही संगणकाच्या आज्ञावल्या लिहितों, सायंकाळीं अहिल्यानगरांतील (आमच्या तोंडीं अजून 'नगर'च!) हौशी मंडळींच्या तालमीस बसतों. येथील महाविद्यालयांत एके काळीं इंग्रजी शिकविणाऱ्या मधुकर तोरडमलांनीं 'तरुण तुर्क म्हातारे अर्क' या आपल्या नाटकांत प्रोफेसर बारटक्के रंगविले. शब्दाच्या जागीं नुसता 'ह' म्हणावयाचा, आणि प्रेक्षकांनीं शब्द ओळखावयाचा! आमचें यंत्र एकही 'ह' चालवून घेत नाहीं.

गेल्या मासीं एका दुकानाचा हिशेब आम्हीं संगणकावर बसविला. वृद्ध दिवाणजी तासभर अवाक्षर न बोलतां बसले. अखेर त्यांनीं जुनी वही उघडली. तालमींत फसलेला प्रवेश आम्हांस तत्काळ कळतो. येथें मात्र दोष दिवाणजींच्या माथीं मारून घरीं आलों. दुसरे दिवशीं त्यांच्या शेजारीं जाऊन बसलों. "जमा आपण कोठें मांडतां?" एवढेंच विचारिलें.