आधी कागद, मग वर्गणी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त घरगुती आहे. गेला महिनाभर आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर माझ्या नावाने बरंच काही चाललंय. 'काकाने मोडता घातला', 'पोरीचा उत्साह मारला', 'वय झालं की माणूस घाबरट होतो' वगैरे वगैरे. यातलं शेवटचं वाक्य माझ्या सख्ख्या बहिणीचं, जी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे! असो. प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच इथे लिहून टाकतो. नात्याबाहेरच्या मित्रांनाही कदाचित उपयोग होईल.

तर झालं असं. आमची आई एक्याऐंशी वर्षांची. दोन वर्षांपूर्वी जिन्यात पडली आणि तेव्हापासून घरातच. बिल्डिंग जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. साधा वॉकर सपाट जमिनीवर चालतो, पायरी आली की त्याचं काही चालत नाही. माझी पुतणी मेकॅनिकल इंजिनियर. तिने आणि तिच्या मैत्रिणीने वर्षभर खटपट करून आजीसाठी जिना चढणारा-उतरणारा वॉकर बनवला. मूठ दाबली की पुढचे पाय आखडतात, वजन टाकलं की खटका बसतो आणि मग तो काही केल्या हलत नाही. (खटका आतून कसा आहे ते मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे येईलच.)

जानेवारीत आई दोन वर्षांनी पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी खाली बागेत गेली. त्या दिवशी दादा जिन्यात बसून रडला. मी पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं.

आता पुतणीला असे पन्नास वॉकर बनवायचे आहेत. साचे आणि पाइप यांचे पैसे हवेत. बँक उभं करत नाही. म्हणून क्राउडफंडिंग. म्हणजे वस्तूचा व्हिडिओ नेटवर टाकायचा, लोकांनी आगाऊ पैसे भरायचे, आणि माल तयार झाला की त्यांना घरपोच पाठवायचा. आपल्याला हे नवं नाही, आपण याला वर्गणी म्हणतो. अंताजी दामोदर काळ्यांनी 'पैसा फंडा'साठी लोकांकडून एकेक पैसा जमवला, टिळकांनी पाठबळ दिलं, आणि १९०८ साली तळेगावात त्या पैशांतून काचेचा कारखाना उभा राहिला. पुतणीला मी ही गोष्ट अभिमानाने सांगितली होती. त्यामुळे व्हिडिओ तयार झाल्यावर मीच 'थांब' म्हणालो, तेव्हा तिला तो दगाफटका वाटला.

मी का थांबवलं, त्यासाठी १९९८ सालात जावं लागेल.

तेव्हा मी भोसरीत एक छोटं वर्कशॉप चालवायचो. लेथच्या कूलंटमधला लोखंडी चुरा वेगळा काढणारी लोहचुंबकाची एक गाळणी मी बनवली होती. चुरा आपोआप बाजूला पडायचा, मशीन थांबवावं लागायचं नाही. मोठ्या हौसेने एका औद्योगिक प्रदर्शनात स्टॉल घेतला. पाचशे पत्रकं छापली आणि त्यात गाळणीचा उभा छेद, मापांसकट! सफारी घातलेले एक गृहस्थ आले, त्यांनी फार नेमके प्रश्न विचारले. मी सगळ्यांची उत्तरं दिली. वर चहा पाजला.

आठ महिन्यांनी माझ्याच एका गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये माझी गाळणी पाहिली. पिवळा रंग, दुसऱ्याचं नाव, दर माझ्यापेक्षा कमी. तडक मुंबईला पेटंट एजंटकडे गेलो. मला वाटलं तो चोराबद्दल विचारेल. त्याने माझं पत्रक हातात घेतलं आणि एवढंच विचारलं, "हे कधी वाटलंत?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मग तुम्हालाही आता पेटंट मिळणार नाही. तुमच्याविरुद्धचा पुरावा तुम्हीच छापलाय."

हेच मला सगळ्यांना सांगायचंय. आपण चोराला भितो, पण कायदा आधी आपलंच बोलणं आपल्याविरुद्ध धरतो. पेटंट फक्त नव्या गोष्टीला मिळतं, आणि अर्जाच्या तारखेआधी जगात कुठेही जी जाहीर झाली ती नवी नाही. कोणी जाहीर केली? तुम्हीच केली असली तरी तेच! आपल्या १९७०च्या कायद्यात थोड्या सवलती आहेत. केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनात वस्तू मांडली, किंवा विद्वानांच्या संस्थेपुढे निबंध वाचला, तर बारा महिन्यांत अर्ज करता येतो. माझं प्रदर्शन त्यातलं नव्हतं. आणि क्राउडफंडिंगचा व्हिडिओ तर कुठल्याच सवलतीत बसत नाही. तो म्हणजे माझं पत्रकच, फक्त पाचशेऐवजी पाच लाख लोकांच्या हातात.

यावर न्यूजर्सीच्या आमच्या मावसभावाचं म्हणणं, "इथे वर्षभराची मुभा असते, काळजी कशाला करता?" बरोबर आहे त्याचं. अमेरिकेत संशोधकाने स्वतः जाहीर केल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो. पण ती मुभा अमेरिकेपुरती. भारतात आणि युरोपात त्याच व्हिडिओने दार बंद होतं. मग तो म्हणाला, "मी इथूनच अर्ज टाकतो तिच्या नावाने." तेही चालत नाही रे बाबा! भारतात राहणाऱ्याने आधी परवानगी काढायची, नाहीतर आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, मग परदेशात जायचं. कलम ३९. मोडलं तर इथला अर्जही सोडून दिल्यासारखा धरतात आणि शिक्षेचीही तरतूद आहे.

पुतणीचा प्रश्न मात्र खरा होता. ती म्हणाली, "काका, पैसे नाहीत म्हणून तर वर्गणी मागतेय. पेटंटला लाखभर कुठून आणू?"

याचं उत्तर मला १९९८ साली कोणी दिलं असतं तर! सगळा खर्च आज करायचा नसतो. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज करायचा. व्यक्तीला किंवा स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १६०० रुपये आहे. एजंटची फी वेगळी, पण तीही आटोक्यातली. त्या दिवशीची तारीख तुमची होते. पूर्ण अर्ज करायला बारा महिने मिळतात आणि परदेशातल्या अर्जांनाही तेवढाच काळ ती तारीख धरता येते. या बारा महिन्यांत वर्गणी गोळा करा, लोकांना वस्तू हवी आहे का ते बघा, आणि मोठा खर्च त्या पैशांतून करा. नाहीच चालली वस्तू, तर गेले सोळाशे आणि एजंटचे थोडे. लग्नात आपण याहून जास्त फटाक्यांवर उडवतो.

एक मेख आहे. तात्पुरता म्हणून पानभर काहीतरी खरडून चालत नाही. जे त्या कागदात लिहिलेलं नाही त्याला ती तारीख मिळत नाही. म्हणून दोघी मुलींना मी तीन रविवार बसवलं आणि खटका कागदावर उतरवायला लावला, प्रत्येक पर्यायासकट. तेव्हाच दुसरा प्रश्न निघाला: खटका नक्की सुचला कोणाला? निम्मा मैत्रिणीला. मग संशोधक म्हणून तिचंही नाव अर्जात हवं, आणि हक्क कोणाकडे राहणार तेही लेखी हवं. हे आज दहा मिनिटांत झालं. पैसे आल्यावर दहा महिने लागले असते, आणि मैत्री गेली असती ती वेगळीच.

तिसरं, आपलं वाचवायच्या आधी दुसऱ्याचं काय आहे ते बघायचं. फॉर्मलॅब्ज नावाच्या अमेरिकी कंपनीने २०१२ साली किकस्टार्टरवर थ्रीडी प्रिंटरसाठी एकोणतीस लाखांहून जास्त डॉलर जमवले, आणि त्याच वर्षी थ्रीडी सिस्टिम्स या जुन्या कंपनीने पेटंटभंगाचा दावा ठोकला. त्यात किकस्टार्टरलाही ओढलं. तडजोड व्हायला २०१४ साल उजाडलं. आम्ही शोध घेतला. पेटंट कार्यालयाच्या साइटवर आणि गूगलवर तो फुकट घेता येतो. निघालं काय, तर जिना चढणाऱ्या वॉकरची पेटंटं अमेरिकेत कैक दशकांपूर्वीच दिलेली! पुतणीचा चेहरा उतरला. पण पेटंट वीस वर्षांचं असतं. जुनी झालेली कल्पना आता कोणीही वापरावी. पाय आखडणं जुनं, खटका नवा. काय आपलं आणि काय जगाचं, हे तिला त्या दिवशी कळलं. मला वाटतं, अर्जाइतकाच हा फायदा मोठा आहे.

आता माझ्या विरुद्ध बाजूचंही सांगतो, नाहीतर लबाडी होईल. पेटंटने नक्कल थांबत नाही. २०१६ साली 'फिजेट क्यूब' नावाच्या हातातल्या चाळ्याला किकस्टार्टरवर चौसष्ट लाखांवर डॉलर मिळाले, आणि मूळ माल वर्गणीदारांच्या हाती पडायच्या आत नकला बाजारात विकल्या जात होत्या. तेव्हा 'कागद कशाला, पटापट माल काढा' म्हणणारा माझा भाचा अगदीच चुकीचा नाही. कोर्टात जायला पैसा लागतो, तो या मुलींकडे नाही.

पण सातबारा असला म्हणून शेजारी बांध कोरायचा थांबतो का? तरीही कोणी सातबारा फाडून टाकत नाही. पेटंटचा अर्ज तर सातबाराही नव्हे, नुसती मोजणीची तारीख. तेवढी असली की उद्या मोठा कारखानदार दारात आला तर त्याच्याशी बोलायला काहीतरी हातात असतं. माझ्या हातात पत्रक होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ज्यांनी पैसा फंडात पैसा टाकला त्यांना घरपोच काही मिळायचं नव्हतं. आजचा वर्गणीदार वस्तूची वाट बघत असतो. कोणाची तरी म्हातारी आई तिसऱ्या मजल्यावर बसलेली असणार. उद्या दाव्यात काम अडकलं, तर तिचा वॉकर अडकेल. म्हणून लोकांचे पैसे घ्यायच्या आधी स्वतःची कागदपत्रं नीट करणं याला मी घाबरटपणा म्हणत नाही. ती वर्गणी मागणाऱ्याची जबाबदारी आहे.

बाकीचं भराभर: वॉकरचं नाव ठरलंय, त्याच्या ट्रेडमार्कचा अर्ज ४५०० रुपयांत होतो. मुठीचा आकार वेगळा आहे, त्याची डिझाइन नोंदणी १००० रुपयांत, आणि तीही व्हिडिओच्या आधीच करायची. फॅब्रिकेटरकडून गुप्ततेचा कागद सही करून घेतलाय. त्याला राग येईल वाटलं होतं, तो म्हणाला, "बरं झालं, मलाही कटकट नको."

राहता राहिली आई. तिला महिनाभर वॉकर घेऊन खाली जायची बंदी केली, याचा तुम्हा सगळ्यांना सर्वांत जास्त राग आला. मलाही आला होता, स्वतःचा. कायद्यात चार लोकांत चाचणी घ्यायला एक वर्षाची सूट आहे, पण ती चाचणी गरजेची हवी. आमच्या मातोश्री बागेत प्रत्येकीला मूठ दाबून, वॉकर उलटा करून दाखवत होत्या. ती चाचणी कमी आणि माझ्या स्टॉलसारखं प्रदर्शनच जास्त होतं! शिवाय मावशीने घरचा व्हिडिओ भिशीच्या ग्रुपवर पाठवला होता. एजंट बाईंनी तो तीनदा पाहिला. नशीब, त्यात आई चालताना दिसते, खटका झाकणाखाली आहे. वस्तू काय करते एवढंच कळतं, कसं करते ते कळत नाही. वर्गणीचा व्हिडिओही आता तसाच काढणार आहेत.

गेल्या गुरुवारी अर्ज गेला. नंबर आला तेव्हा पुतणी फोनवर एवढंच म्हणाली, "काका, झालं." महिनाभरात माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. संध्याकाळी आई खाली गेली. पुढच्या महिन्यात व्हिडिओ येईल, तेव्हा वर्गणी काढा. आणि ताई, सुरुवात तुझ्यापासून :)