बंदीपेक्षा तपासणी बरी

मारुतीची जिप्सी १९८५ साली बाजारात आली आणि तीन दशकांहून अधिक काळ लष्कर, पोलीस, वनखाते व आमच्यासारख्या दौऱ्यावरील अधिकाऱ्यांच्या सेवेत राहिली. आज तिचे उत्पादन थांबलेले आहे. मात्र वजन जेमतेम हजार किलो, भक्कम चासी, पुढेमागे सलग अ‍ॅक्सल आणि चारही चाकांना मिळणारी ताकद यांमुळे डोंगरदऱ्यांत गाडी घालणाऱ्यांचे तिच्यावरील प्रेम कायम आहे. जुनी जिप्सी घ्यायची आणि गॅरेजमध्ये तिचा कायापालट करायचा, हा देशभरातील अनेकांचा छंद आहे.

या कायापालटात एक बदल दुसऱ्याला ओढून आणतो. अ‍ॅक्सलखालचे पाटे वर घेतले की गाडी उंच होते, पण तिचा गुरुत्वमध्यही वर सरकतो आणि वळणावर ती उलटण्याचा धोका वाढतो. मोठे टायर बसवले की इंजिनावर व ब्रेकवर ताण येतो, शिवाय स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. जाणकार मिस्त्री त्यानुसार गिअरचे प्रमाण बदलतो, ब्रेकच्या नळ्या लांब करतो. अडाणी मिस्त्री नुसती उंची विकतो. दुर्दैव असे की कायद्याच्या लेखी दोघेही सारखेच अपराधी आहेत.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ ठामपणे मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. यामागील हेतू रास्तच आहे. रस्त्यावरून चालणाऱ्याच्या जिवापुढे कोणाचाही छंद मोठा नाही.

परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला दिसते ते असे, की या देशात गाडी दुरुस्त करणे आणि गाडी बदलणे यांतील रेषा कधीच ठळक नव्हती. हरियाणातील मंडी डबवालीच्या बाजाराने लष्कराच्या मोडीतून जीपा उभ्या केल्या. दार्जिलिंगजवळच्या मानेभंजनहून संदकफूकडे चढणाऱ्या कित्येक दशकांपूर्वीच्या लँड रोव्हरपैकी अनेकींची मूळ इंजिने केव्हाच बदलली गेली आहेत. ताडोबापासून रणथंबोरपर्यंत पर्यटकांना वाघ दाखवणाऱ्या जिप्सीही छत उतरवून, मागे उंच बाके बसवून वापरल्या जातात. हे सारे डोळ्यांआड करून नियम लिहिला, की तो चौकीवरच्या शिपायाच्या मर्जीवर चालतो.

सीएनजी संच, विजेवर चालण्यासाठी केलेले रूपांतर आणि दिव्यांगांसाठी केलेले बदल कायद्याने अटींसह मान्य केले आहेत. म्हणजे तत्त्व मान्यच आहे, प्रश्न व्याप्तीचा आहे. जर्मनीत अधिकृत तज्ज्ञ बदल तपासतो आणि तो गाडीच्या कागदपत्रांत नोंदवला जातो. ऑस्ट्रेलियात ठरावीक मर्यादेपलीकडच्या बदलांना मान्यताप्राप्त अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते.

आपल्याकडे यातून लाचेचे नवे खिडकीघर उघडेल, अशी शंका घेतली जाईल. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या मला ती निराधार वाटत नाही. म्हणूनच प्रत्येक गाडीचा निर्णय परिवहन कार्यालयाच्या टेबलावर सोपवू नये. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांनी ब्रेक, पाटे, टायर यांचे संच एकदाच तपासून मंजूर करावेत, कोणता बदल कोणत्या बदलाशिवाय चालणार नाही हे लिहून द्यावे, आणि बसवणाऱ्या गॅरेजने त्याखाली सही करावी. नोंदणीपुस्तकात एक ओळ वाढेल. मग अपघात झाल्यास जबाबदार कोण, हे त्या ओळीवरून कळेल. आज मालक बदल लपवतो, गॅरेज पावती देत नाही, विमा कंपनी भरपाई नाकारण्यास मोकळी राहते, आणि समोरून येणाऱ्या निरपराध माणसाच्या हाती काहीच लागत नाही.