पाण्यांत वीज सोडून पाण्याची पारख होते काय ?

उन्हाळा तोंडावर आला कीं लातूर व नांदेड जिल्ह्यांतील गांवांतून पाणी शुद्ध करण्याचीं यंत्रें विकणाऱ्या मंडळींच्या खेपा सुरू होतात. यांपैकीं कांहीं जण ओसरीवर बसून एक प्रयोग करून दाखवितात. दोन पेले मांडावयाचे. एकांत घरच्या बोअरचें पाणी, दुसऱ्यांत यंत्रांतून काढलेलें पाणी. दोहोंत लोखंडाच्या व ॲल्युमिनियमच्या कांड्या बुडवून विजेचा प्रवाह सोडावयाचा. दोन-चार मिनिटांत बोअरच्या पाण्यावर तांबूस-हिरवट, ओंगळ साका तरंगूं लागतो. दुसरा पेला निर्मळ राहतो. "हें विष तुमचीं लेंकरें रोज पितात," असें ऐकल्यावर कोणत्या घरधन्याचें काळीज हलणार नाहीं? सोयाबीनच्या पैशांतून यंत्राचा सौदा त्याच बैठकींत पुरा होतो.

आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं, हा प्रयोग खोटा नाहीं. त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. हा भेद शेतकरी बंधूंनीं समजून घेतल्यास पैसा वांचेल, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे खरा धोका कोठें आहे हें कळेल.

पाण्यांतून वीज नेल्यास पाण्याचे घटक वेगळे होतात, हें 1800 सालीं निकल्सन व कार्लाइल या दोन इंग्रज गृहस्थांनीं दाखविलें. यासच विद्युत्-अपघटन म्हणतात. ऋण टोंकापाशीं हायड्रोजन व धन टोंकापाशीं प्राणवायु निघतो, आणि हायड्रोजनचें आकारमान प्राणवायूच्या दुप्पट भरतें. परंतु निव्वळ शुद्ध पाणी विजेस जवळजवळ वाट देत नाहीं. पाण्यांत विरघळलेले क्षारच ती वाहून नेतात. दुसरी गोष्ट अशी कीं, धन टोंकास लोखंड जोडलें तर प्राणवायु निघण्याऐवजीं मुख्यतः तें लोखंडच झिजून पाण्यांत उतरतें व त्याचा गंज बनतो. ॲल्युमिनियमचाही असाच पांढुरका लगदा होतो. हायड्रोजनचे बुडबुडे हा साका वर उचलतात, म्हणून तो फेसासारखा तरंगतो.

तात्पर्य, जी घाण दिसते ती बहुतेक कांड्यांचीच होय. यंत्राच्या पाण्यांत क्षार फार थोडे. म्हणून वीज वाहत नाहीं, कांडी झिजत नाहीं आणि पेला निर्मळ राहतो.

आमच्या शब्दावर कोणीं विश्वास ठेवावा असें नाहीं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? नऊ व्होल्टची लहान बॅटरी, तांब्याच्या तारा, दोन साधे लोखंडी खिळे व दोन्ही टोंकांनीं तासलेल्या दोन शिसपेन्सिली इतकें साहित्य पुरे. प्रथम विक्रेत्याच्याच शुद्ध पाण्यांत चिमूटभर मीठ टाकून बॅटरीस जोडलेले खिळे बुडवावे. तेंच "अमृत" पाव तासांत तांबूस होईल. नंतर दुसऱ्या पेल्यांत बोअरचें पाणी घेऊन चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा व खिळ्यांऐवजीं पेन्सिली जोडाव्या. बुडबुडे निघतील, परंतु तो तांबूस साका येणार नाहीं. प्रयोग मोकळ्या हवेंत करावा, तारांचीं टोंकें एकमेकांस लागूं देऊं नयेत, आणि भिंतींतील 230 व्होल्टची वीज चुकूनही वापरूं नये. ती जीव घेते.

आतां कोणी विचारील कीं, क्षार आहेत एवढें तरी सिद्ध झालें ना? झालें. परंतु काळ्या पाषाणांतून झिरपलेल्या आमच्या पाण्यांत कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असावयाचेच. भारतीय मानक संस्थेच्या 2012 सालच्या मानकाप्रमाणें लिटरमागें 500 मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले पदार्थ चालतात, व दुसरें पाणी नसल्यास 2000 पर्यंत. क्षार म्हणजे विष नव्हे.

खरें विष डोळ्यांना दिसत नाहीं. नांदेड जिल्ह्याच्या किनवट भागांत फ्लोराइडमुळें दांत व हाडें बिघडल्याचीं उदाहरणें आहेत. त्याची मर्यादा लिटरमागें 1 मिलिग्रॅम, फार तर दीड. नायट्रेटची मर्यादा 45 मिलिग्रॅम. तें आमच्याच युरियांतून व विहिरीजवळच्या उकिरड्यांतून झिरपतें, आणि तान्ह्या बाळांस फार बाधतें. जुलाब-काविळीचे जंतु तर निराळेच. यांपैकीं एकाचाही पत्ता त्या कांड्या देत नाहींत. उलट छपरावरून धरलेलें पावसाचें पाणी घ्या. त्यांत पक्ष्यांची विष्ठा मिसळलेली असली तरी क्षार कमी असल्यानें पेला बहुधा निर्मळच दिसेल. जी परीक्षा निर्दोषास चोर ठरविते व चोरास सोडून देते, ती परीक्षा कसली? महसूल खात्यांत आमची हयात गेली. नुसत्या बांधावरच्या बोलण्यावरून कोणाचा ताबा आम्हीं कधीं लिहिला नाहीं. पाण्यालाही तोच न्याय असावा.

यंत्रास आमचा सरसकट विरोध नाहीं. जेथें फ्लोराइड वा क्षार खरोखर मर्यादेबाहेर आहेत तेथें तें उपयोगाचें आहे. परंतु एक लिटर पाणी देतांना दोन-तीन लिटर मोरींत सोडणारीं घरगुती यंत्रें सर्रास आढळतात. 2016 सालच्या एप्रिलांत ज्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें गरज नसतां हें करणें शोभत नाहीं. जेथें विरघळलेले पदार्थ 500 मिलिग्रॅमहून कमी तेथें अशीं यंत्रें वापरण्यास बंदी करावी, असें राष्ट्रीय हरित लवादानें 2019 सालीं सरकारास सांगितलें, तें याच कारणास्तव.

मग करावें काय? माती परीक्षणाकरितां नमुना पाठविण्याची चाल आम्हांस आतां नवी नाहीं. पाण्याचेंही तसेंच करावें. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे नमुना द्यावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेंत तो तपासून घेतां येतो. रासायनिक तपासणी वर्षांतून एकदां, व जंतूंची पावसाळ्यापूर्वीं व नंतर अशी दोनदां व्हावी. आलेला कागद सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखा जपून ठेवावा, व यंत्र घेणें झाल्यास त्यांतील आंकडे पाहूनच घ्यावें. खिळ्यांचा व पेन्सिलींचा प्रयोग मात्र गांवच्या शाळेंत प्रत्येक पोरानें स्वतःच्या हातानें करावा, अशी आमची सूचना आहे. ज्या घरांतील मुलाला पेला तांबूस कां झाला हें सांगतां येतें, त्या घराच्या ओसरीवर भीति विकून सौदा होणें कठीण. दुधाचें दूध व पाण्याचें पाणी करण्याची विद्या इतकी स्वस्त असतां आपण फसावें, हें बरें नव्हे.