जांभूळ आणि ढोलकी

पेणच्या एसटी स्टँडवर जांभळांच्या दिवसांत कातकरी बाया पानाचे द्रोण मांडून बसतात. ते पाहिले की आम्हाला लोकशाहीर विठ्ठल उमप आठवतात. परवा रोह्याच्या गाडीची वाट पाहताना तसेच झाले.

त्यांचे ‘जांभूळ आख्यान’ ज्यांनी पाहिले त्यांना सांगणे नलगे. पाच पती असताना द्रौपदीचे मन कर्णाकडे ओढ घेते आणि ती चोरटी ओढ एका जांभळापायी उघडी पडते. कथा एवढीच. पण द्रौपदी तेच, कर्णही तेच आणि कथेकरीही तेच! आवाज बदलला, मान जरा वळली, की समोर बाई उभी राही. पिकल्या वयात लाजणारी द्रौपदी करायची, आणि लोकांनी हसायचे विसरून बघत राहायचे, हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

१५ जुलै १९३१ रोजी मुंबईत नायगावला त्यांचा जन्म झाला. भीमगीते, पोवाडे, भारूड, कव्वाली, नाटक, आकाशवाणी, दूरदर्शन असे कोणतेच दार त्यांनी परके मानले नाही. पंचाहत्तरी उलटल्यावर ‘टिंग्या’ (२००८) सिनेमात ते दिसले. नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवर लॉर्ड बुद्धा टीव्ही या वाहिनीच्या उद्घाटनाला गेले आणि तिथेच मंचावर कोसळले. ते पुन्हा उठले नाहीत. आमच्या घरी त्या दिवशी कोणाला जेवण गोड लागले नाही.

तर आमच्या गाडीत रोह्याचे एक गृहस्थ भेटले. धाटावच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहेत. मुलगा बारावी झाला, ढोलकी फार सुंदर वाजवतो आणि कलापथकात जायचे म्हणतो. “दादा, तुम्ही बी.कॉम. झालेले. त्याला चार शब्द सांगा,” असे म्हणाले. आम्ही लगेच सांगून टाकले, आधी भरतीची परीक्षा दे म्हणावं, ढोलकी कुठे पळून जात नाही. नागोठणे येईपर्यंत आम्ही गप्पच होतो. आपण चुकीचे बोललो असे नाही, पण खरे कारण बोललो नाही, हे डाचत होते.

खरे कारण असे की जयंतीचा हिशेब आमच्याकडेच असतो. मंडपवाल्याने रोख घेतले, लाऊडस्पीकरवाल्याने आगाऊ घेतले. गायन पार्टीचे पाकीट मात्र तीन आठवडे आमच्या टेबलाच्या खणात पडून होते. त्यांनी एकदाही तगादा लावला नाही. समाजाचे काम आहे, देतील, असे म्हणत राहिले. उमपांच्या फोटोला हार घालणारे आम्ही, आणि हे आमचे वागणे.

रोह्याला उतरताना त्या गृहस्थांना म्हटले, पोराला रविवारी विहारात पाठवा, येताना ढोलकी घेऊन ये म्हणावं. पुढच्या कार्यक्रमाचे अंदाजपत्रक मांडायला घेतले आहे. त्यात पहिली ओळ कलावंतांच्या मानधनाची घातली, मंडप खाली सरकवला. कमिटीत यावरून वाद होणार, हे आम्ही धरूनच चाललो आहोत.