गिअरबॉक्सचं म्हणणं ऐकायचं कुणी?

गाडीच्या डॅशबोर्डवर एक ओळ उमटते. आशय असा, की गिअरबॉक्समध्ये दोष आहे, गाडी पुढे नेता येईल, वर्कशॉपमध्ये दाखवून घ्या. कधी तिच्या शेपटीला आणखी एक सूचना असते : रिव्हर्स गिअर कदाचित पडणार नाही. बस्स, एवढंच. दोष कोणता, पुढे म्हणजे किती किलोमीटर, वर्कशॉप कोणतं, याचा पत्ता नाही. आपण वाङ्मय मंडळातली माणसं, वाक्यांचा कीस काढण्यात आपला वेळ जातो, म्हणून सांगते : कर्ता इतक्या शिताफीनं गाळलेलं वाक्य सरकारी परिपत्रकातसुद्धा सहसा सापडत नाही.

माझी तक्रार त्या ओळीच्या त्रोटकपणाबद्दल नाही. गाडी चालवताना कुणी निबंध वाचत नाही. तक्रार अशी आहे, की पूर्ण वाक्य गाडीच्या आत तयार असतं, आकड्यांसकट असतं, आणि ते वाचायची सोय मात्र मोजक्या लोकांच्या हातात ठेवलेली असते. गाडी ज्याची आहे त्याच्याही हातात नाही, आणि रस्त्यावर ज्याच्या दारात ती बंद पडते त्याच्या तर नाहीच नाही.

हे मला कळतं कारण माझ्या मामाचं गॅरेज आदिलाबादला हायवेला लागून आहे. हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४, पूर्वीचा ७. नागपूरकडून येताना पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र संपतो, पाट्या तेलुगू होतात, पण बोलणं लगेच बदलत नाही. बेला, जैनथकडच्या गावांत घराघरांत मराठीच. मामाच्या गॅरेजात एका गाडीभोवती मराठी, तेलुगू, दखनी हिंदी आणि कधीकधी गोंडी अशा चार भाषा उभ्या असतात. पाचवी भाषा गाडीची. हैदराबादची हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी स्पोर्ट्स कार घेऊन या रस्त्यानं नागपूरकडे सुसाट निघतात. हैदराबाद इथून ढोबळमानानं तीनशे किलोमीटर, नागपूर दोनशे. अधेमध्ये काही झालं तर अशा गाडीचं अधिकृत वर्कशॉप जवळ नाही, पण मामा आहे.

आता त्या गिअरबॉक्सबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. हल्लीच्या बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये दोन क्लच असतात. एका क्लचवर एक, तीन, पाच असे विषम गिअर, दुसऱ्यावर दोन, चार, सहा. तुम्ही तिसऱ्यात चालवत असता तेव्हा चौथा आधीच दबा धरून बसलेला असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, झटका बसत नाही. हे सगळं माणसाचा पाय करत नाही, एक छोटा कॉम्प्युटर करतो. शाफ्ट किती वेगानं फिरतोय, तेल किती तापलंय, गिअर सरकवणारा काटा नेमका कुठे आहे, हे सेन्सर त्याला सतत सांगत असतात. सांगितलेलं आणि अपेक्षित यांचा मेळ बसला नाही की तो घाबरत नाही, आवरतं घेतो. अर्धा गिअरबॉक्स बंद करून उरलेल्या गिअरवर गाडी रखडत नेतो, कधी एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवतो. आणि डॅशबोर्डवर ती ओळ पाठवतो.

म्हणजे ओळ दिसली याचा अर्थ गिअरबॉक्स गेला असा नव्हे. तो शहाणपणानं वागतोय एवढाच. कारण कित्येकदा गिअरबॉक्सच्या बाहेर असतं. बॅटरी उतरलेली असली, व्होल्टेज पडलं, की गाडीतले सगळे कॉम्प्युटर एकदम कुरकुरायला लागतात आणि त्यात गिअरबॉक्सचा आवाज सगळ्यात मोठा. ब्रेक लाइटचा साधा स्विच बिघडला तर ब्रेक दाबलाय हेच गाडीला कळत नाही आणि दांडा पार्किंगमधून हलत नाही. आमच्याकडे आणखी दोन कारणं : मे महिन्यातलं ऊन आणि उंदीर. कापूस ठेवलेल्या शेडमध्ये गाडी दोन महिने उभी राहिली तर वायरिंगचं काय होतं ते मामाला विचारा.

दोन पावसाळ्यांपूर्वी अशीच एक गाडी आली. ड्रायव्हरच्या आसनावर मालक स्वतः, चेहरा उतरलेला, रिव्हर्स पडत नाही. मामानं आधी बोनेटलाही हात लावला नाही. म्हणाला, “थांब, ते काय म्हणून राह्यली ते आधी आयकू.” मालकाला त्यानं त्या ओळीचा फोटो काढून ठेवायला सांगितला, कारण इंजिन बंद करून चालू केलं की ओळ कधी गायब होते आणि मग नुसती आठवण उरते. मल्टिमीटर लावून बॅटरी पाहिली, ती ठीक होती. पाण्यातून गाडी काढली होती का विचारलं. हो, एका पुलाखाली गुडघाभर पाणी होतं. मग त्यानं आपला स्कॅनर लावला.

स्कॅनरनं सांगितलं : पी ०७००.

या कोडवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण ते मला फार आवडतं. या कोडांना व्याकरण आहे. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा इलाका, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगकडचा, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं. पुढचा आकडा शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सामाईक, एक असेल तर त्या कंपनीचा खासगी. पी ०७०० सामाईक आहे आणि त्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी सांगायचंय, त्याला विचारा. हे कोड म्हणजे नुसता निरोप्या. मजकूर आतल्या खोलीत. आणि आतल्या खोलीचं दार मामाच्या स्कॅनरला उघडत नव्हतं, कारण ती कंपनीची खासगी बोली होती. खाली वाकून कनेक्टर बघतो म्हणाला, तर मालकाला वॉरंटीची धास्ती. शेवटी चाकं जमिनीला न लावता, फ्लॅटबेडवर चढवून गाडी हैदराबादला गेली. नंतर मालकानं फोन करून कळवलं, गिअरबॉक्सला जाणाऱ्या वायरिंगच्या एका कनेक्टरमध्ये पाणी शिरलं होतं. एका प्लगसाठी तीनशे किलोमीटर.

ही श्रीमंतांची रडगाणी आपण कशाला ऐकायची, असं कुणी म्हणेल. ठीक. पण २०१४ साली सेलेरिओ आली आणि क्लचचं पेडल नसलेली गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. तिच्यात दोन क्लच नाहीत, साध्याच गिअरबॉक्सवर यंत्राचे हात बसवलेत. पण निर्णय कॉम्प्युटरच घेतो आणि दिवाही तसाच लागतो. आज अशा गाड्या शिक्षकांकडे आहेत, टॅक्सीला आहेत, जिल्ह्याच्या दवाखान्यात पेशंट आणायला आहेत. स्पोर्ट्स कारचा मालक फ्लॅटबेडचे पैसे देईल. टॅक्सीवाल्याचा त्या दिवसाचा धंदा जातो, त्याचं काय?

आपल्या देशात यावर निकाल झालेला आहे, आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मुद्दा हाच होता : सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं. गाडी बाहेर दुरुस्त केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, असंही आयोगानं बजावलं. पुढे अपिलं झाली, वकिलांची भरभराट झाली. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू झालं. त्यात मोबाइल, शेतीची अवजारं यांच्याबरोबर वाहनंही आहेत. कागदावर मामा जिंकलाय. स्कॅनरला अजून हे कुणी सांगितलेलं नाही.

कंपन्यांचं म्हणणं मी पूर्ण उडवून लावणार नाही. अर्धवट हातात हे काम गेलं तर ब्रेक, एअरबॅग यांच्याशी खेळ होतो. किल्लीचे, चोरीविरोधी यंत्रणेचे कोड त्यांनी कुलपात ठेवावेत, माझी हरकत नाही. पण गिअरबॉक्सला काय दुखतंय हे वाचणं आणि त्याच्यात ढवळाढवळ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाचू द्या ना! न वाचता केलेली दुरुस्ती जास्त धोक्याची.

आणि आपल्या बाजूचंही बोललं पाहिजे. स्वस्तातलं ब्लूटूथ यंत्र लावून, मोबाइलवरून कोड पुसून, “झालं, दिवा गेला” म्हणणारे मेकॅनिक या रस्त्यावर पैशाला पासरी आहेत. कोडबरोबर गाडी त्या क्षणाची नोंदही ठेवते : वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं. कोड पुसलं की बहुधा तीही पुसली जाते. दुखण्याचं कारण शोधणाऱ्या पुढच्या माणसाला मग कोरी पाटी मिळते. आधी सगळं उतरवून घ्यायचं, मग पुसायचं, गाडी चालवून बघायची, आणि जे कोड परत येईल त्याच्याच मागे लागायचं, ही शिस्त मामा पोरांना शिकवतो. मराठीत शिकवतो, कारण त्या पोरांना इंग्रजी पुस्तिका मिळाली तरी वाचवत नाही.

त्यासाठी गॅरेजात एक दोनशे पानी वही आहे, तेलाच्या बोटांनी काळी झालेली. डावीकडे कोड, उजवीकडे त्याचा अर्थ, गॅरेजच्या मराठीत. सुट्टीत गेले की मी ती नीट लिहून काढते. आपल्या मंडळात परिभाषेवर दरवर्षी परिसंवाद होतो, ‘संगणक’ चांगला की ‘कॉम्प्युटर’ यावर तास जातो. माझी सूचना आहे की यंदा ही वही घ्या. पी ०७०० ला मामानं लिहिलंय, “आतल्याला विचारा.” पी ०२१८ ला, म्हणजे गिअरबॉक्स जास्त तापला तर, “तेल कढलं, सावलीत उभी करा.” पी ०७३०, गिअरचं प्रमाण जुळत नाही, तिथे, “सांगितलं एक, पडला दुसरा.” पी ०७०५ म्हणजे दांडा कोणत्या जागी आहे हे गाडीला कळत नाही, तिथली उजवी बाजू अजून कोरी आहे. कुणाला सुचलं तर कळवा, दिवाळीत जाईन तेव्हा लिहीन.