टीबीची तपासणी : यंत्र कोणाच्या दारात?

एका मीटरचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर. काही नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणांच्या साहाय्याने कागदी पट्टीवर टीबीची खूण उमटविण्याचे संशोधन जगभर चालू आहे. बुद्धाचा धम्म स्वीकारलेले आम्ही विज्ञानाच्याच बाजूचे. पण अशी बातमी वाचली की आम्हाला पहिला प्रश्न पडतो : हे यंत्र कोणाच्या दारात येणार?

भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या गाळ्यांत धूळ खात भांडी पॉलिश करणारा कामगार किंवा कचरा उचलणारा कंत्राटी सफाई कामगार खोकला अंगावर काढतो. दवाखाना म्हणजे बुडालेला रोज! कसाबसा गेला, तरी सूक्ष्मदर्शकाखाली थुंकीत जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये ते पाच ते दहा हजार असावे लागतात. रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो आणि दहा बाय दहाच्या खोलीत रोग पसरत राहतो.

याला उपाय नाही काय? आहे. सीबीनॅट यंत्र दोन तासांत जंतू दाखवते, शिवाय तो रिफाम्पिसिनला दाद देतो की नाही हेही सांगते. गोव्याच्या कंपनीचे, बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मान्य केले.

मात्र तंत्रज्ञान बाजाराच्या हाती सोडले की काय होते, तेही आपण पाहिले आहे. टीबीसाठी रक्ताची सीरम तपासणी बेभरवशाची असूनही खासगी प्रयोगशाळांत खपत होती. २०१२ साली केंद्र सरकारने तिच्यावर बंदी घातली. तोवर गरिबांचे खिसे रिकामे झाले होते.

१९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा कलम २१ चा भंग आहे. आम्ही विचारतो, वेळेवर निदान नसेल तर वेळेवर उपचार कसला?

बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४४ साली अडारकर अहवाल आला. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. टीबी झालेल्या पात्र विमाधारकाला त्यात दीर्घ आजाराचा भत्ता आहे. पण कंत्राटदाराने नावच नोंदवले नसेल तर?

म्हणून शाखाशाखांतील कार्यकर्त्यांनी दोन प्रश्न घेऊन महापालिकेत जावे. आमच्या वस्तीतील खोकणाऱ्या माणसाची पहिलीच तपासणी यंत्रावर होते काय? आणि प्रत्येक कंत्राटी कामगाराचा विमा क्रमांक कुठे आहे? उत्तर लेखी मागावे. माहितीचा अधिकार त्यासाठीच आहे.