ताशी ४५ किलोमीटरचे स्वातंत्र्य

फ्रान्स म्हटले की पॅरिसचे रुंद हमरस्ते आणि पॅरिसहून ल्योंला सुमारे दोन तासांत पोहोचवणारी ‘टीजीव्ही’ रेल्वे डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु याच देशाच्या क्रोझ, कांताल किंवा लोझेरसारख्या विरळ वस्तीच्या जिल्ह्यांत एक वेगळेच दृश्य नित्य पाहावयास मिळते. जेमतेम दोन माणसे बसतील एवढी चिमुकली मोटार ताशी ४५ किलोमीटर वेगाने चाललेली असते आणि तिच्यामागे मालमोटारींची व मोटारींची रांग लागलेली असते. ती चालविणाऱ्याजवळ नेहमीचा वाहन परवाना असेलच असे नाही. कायद्याने तशी सक्तीही नाही. फ्रेंच लोक तिला ‘व्हुआत्यूर सां पेर्मी’, म्हणजे बिनपरवान्याची मोटार म्हणतात. थट्टेने ‘दह्याचा डबा’ असेही तिचे नाव पडले आहे. मात्र या थट्टेच्या विषयामागे ग्रामीण फ्रान्सची एक मोठी व्यथा दडलेली आहे.

कायद्याच्या लेखी मोटार नव्हे

युरोपीय नियमांनुसार हे वाहन मोटार या व्याख्येतच बसत नाही. त्याची गणना ‘हलकी क्वाड्रिसायकल’ या वर्गात होते आणि त्याचे नाते मोटारीपेक्षा मोपेडशी अधिक जवळचे आहे. बॅटरी वगळून वजन ४२५ किलोपर्यंत, इंजिनाची शक्ती ६ किलोवॉटपर्यंत, वेग ताशी ४५ किलोमीटरपर्यंत आणि आसने दोन, अशा त्याच्या मर्यादा आहेत. द्रुतगती महामार्गावर त्याला प्रवेश नाही.

१ जानेवारी १९८८ पूर्वी जन्मलेल्या कोणालाही हे वाहन चालविण्यासाठी कसलाही परवाना लागत नाही. त्यानंतर जन्मलेल्यांना ‘एएम’ नावाचा प्राथमिक परवाना घ्यावा लागतो. तो आठ तासांच्या प्रशिक्षणावर मिळतो. पूर्वी त्यासाठी वय १६ वर्षे असावे लागे. नोव्हेंबर २०१४ पासून ते १४ वर आणण्यात आले. याउलट नेहमीच्या मोटारीचा परवाना मिळविणे हे फ्रान्समध्ये खर्चाचे आणि चिकाटीचे काम आहे. लेखी व प्रत्यक्ष परीक्षा, अनेक तासांचे शिक्षण, परीक्षेच्या तारखेसाठी प्रतीक्षा आणि दीड-दोन हजार युरोंच्या घरातील खर्च, हे सर्व पार पाडल्यावरच तो हाती पडतो.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंधनटंचाईत फ्रान्समध्ये अशा लहान गाड्या प्रथम रूढ झाल्या आणि सुबत्तेबरोबर मागे पडल्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना पुन्हा बरे दिवस आले. फॉर्म्युला वन शर्यतींत स्वतःचा संघ उतरविणारे गी लिजिए यांनी १९८० च्या सुमारास विशी शहराजवळच्या आपल्या कारखान्यात या मंदगती गाड्या बनविण्यास आरंभ केला. वेगाच्या जगात नाव कमावलेल्या माणसाच्या व्यवसायाला पुढे देशातील सर्वांत संथ मोटारींनी तारले, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. एक्स-ले-बां येथील ‘एक्साम’ ही दुसरी मोठी कंपनी १९८३ पासून याच व्यवसायात आहे.

चालक कोण?

परंपरेने या गाड्यांचे दोन प्रकारचे ग्राहक आहेत. पहिला वर्ग वयस्कांचा. फ्रान्समध्ये साध्या मोटारीच्या परवान्यासाठी ठरावीक वयानंतर वैद्यकीय तपासणीची सक्ती नाही. त्यामुळे केवळ वय झाले म्हणून कोणाचा परवाना जात नाही. या वर्गातील अनेकांनी परवाना कधी काढलेलाच नसतो. आयुष्यभर पतीने गाडी चालविली आणि त्याच्या पश्चात खेड्यात एकट्या राहिलेल्या स्त्रिया त्यांत आढळतात.

दुसरा वर्ग परवाना गमावलेल्यांचा. १९९२ मध्ये फ्रान्सने गुणांवर आधारित परवाना पद्धत आणली. चालकाच्या खात्यात १२ गुण असतात, नियमभंगागणिक ते कमी होतात आणि शून्यावर आले की परवाना रद्द होतो. २००३ च्या अखेरीस वेग टिपणारे स्वयंचलित कॅमेरे रस्त्यांवर बसले. रस्त्यांवरील मृत्यू कमी करण्यात या उपायांचा वाटा मोठा आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु त्यामुळे परवाना गमावलेल्यांची एक नवी बाजारपेठही तयार झाली. न्यायालयाने अशा वाहनांवरही स्पष्ट बंदी घातली नसेल, तर मद्यपान करून गाडी चालविल्याबद्दल परवाना गमावलेला, १९८८ पूर्वी जन्मलेला माणूस दुसऱ्या दिवशी कायदेशीररीत्या ‘दह्याच्या डब्यात’ बसून कामावर जाऊ शकतो. या गाडीत त्याने नियम मोडला तर दंड होतो. गुण मात्र कापले जात नाहीत. ज्याच्या हाती स्टिअरिंग देणे सरकारला धोक्याचे वाटले, त्याच्याच हाती ते दुसऱ्या दाराने परत येते. ही विसंगती टीकाकार सतत दाखवून देतात आणि त्यांचे म्हणणे गैर नाही.

तरीही हे दार कोणतेही सरकार बंद करावयास धजत नाही. त्याचे कारण खेड्यांच्या स्थितीत आहे. बेकरी बंद होते, टपाल कार्यालयाचे तास घटतात, निवृत्त डॉक्टरची जागा घेण्यास कोणी येत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सादर झालेल्या स्पिनेटा अहवालाने तर अवघे दोन टक्के प्रवासी वाहणाऱ्या लहान रेल्वेमार्गांवर एवढा खर्च करणे समर्थनीय आहे काय, असा प्रश्नच विचारला. सरकारने तो सल्ला मानला नाही. परंतु खेड्यांना जो इशारा मिळावयाचा तो मिळाला. त्याच वर्षी जुलैमध्ये दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यांवरील वेगमर्यादा ९० वरून ८० वर आणली गेली आणि नोव्हेंबरमध्ये इंधनकराच्या निमित्ताने ‘पिवळ्या जाकिटां’चे आंदोलन भडकले. मोटारीशिवाय जगता येत नाही आणि मोटार परवडत नाही, या कोंडीत सापडलेल्यांचा तो उद्रेक होता. डिसेंबर २०१९ मध्ये दळणवळणाचा नवा कायदा झाला, पण तेवढ्याने गावातून गेलेली बस परत येत नाही.

गरिबाची गाडी, श्रीमंताची किंमत

दुर्दैव असे की अडलेल्याची ही गाडी स्वस्तही नाही. पारंपरिक बनावटीच्या नव्या गाडीला दहा हजार युरोंहून अधिक मोजावे लागतात आणि सुसज्ज गाडी १५ हजारांच्याही पुढे जाते. एवढ्या पैशांत साधी, पूर्ण आकाराची मोटार येऊ शकते. विमा सक्तीचा आहे आणि तोही हलका नसतो. उत्पादन मर्यादित आणि ग्राहकाला दुसरा पर्याय नाही, म्हटल्यावर किंमत चढीच राहणार. जो परवान्याचा खर्च एकरकमी करू शकत नाही, तो त्याच्या कितीतरी पट रक्कम हप्त्याहप्त्याने या गाडीवर घालवितो.

दरम्यान, शहरांनी ही गाडी नव्याने शोधून काढली. २०२० मध्ये सिट्रोएनने मोरोक्कोतील केनित्रा येथे तयार होणारी ‘आमी’ ही विजेवरची छोटी गाडी बाजारात आणली. एका चार्जिंगमध्ये ७५ किलोमीटर धावणाऱ्या या गाडीची किंमत अनुदान धरून सुमारे सहा हजार युरो होती. चौदाव्या वर्षाची सवलत आधीच मिळालेली असल्याने पॅरिसच्या सधन उपनगरांतील शाळांसमोर अशा गाड्या दिसू लागल्या. स्कूटरपेक्षा चार चाके आणि डोक्यावर छप्पर बरे, असा पालकांचा विचार. वृद्धांच्या गाडीला अचानक प्रतिष्ठा लाभली. परंतु डोंगराळ जिल्ह्यात, जेथे दवाखान्याला जाऊन-येऊन साठ किलोमीटर पडतात आणि हिवाळ्याची थंडी बॅटरीचा पल्ला आणखी घटविते, तेथे या स्वस्त गाडीचा उपयोग मर्यादितच राहतो.

सुरक्षेचा पेच

या गाड्यांचा सर्वांत दुबळा भाग सुरक्षेचा आहे. वजनाची मर्यादा पाळावयाची म्हणजे सांगाडा हलका ठेवावा लागतो आणि नेहमीच्या मोटारींना लागू असलेल्या धडक चाचण्यांची सक्ती या वर्गाला नाही. युरो एनकॅप या संस्थेने २०१४ आणि २०१६ मध्ये या जातीतील थोड्या मोठ्या, परवाना लागणाऱ्या ‘जड क्वाड्रिसायकल’ गाड्यांची चाचणी घेतली तेव्हा निष्कर्ष निराशाजनक निघाले. २०१६ च्या चाचणीत औरंगाबादजवळच्या वाळूज येथे तयार होणारी बजाजची ‘क्यूट’ही होती आणि तिला एकच तारा मिळाला, पण नामांकित फ्रेंच गाड्यांनाही फारसे मिरविण्यासारखे काही लाभले नाही. मोठ्या गाड्यांची ही अवस्था, तर हलक्यांविषयी वेगळे सांगावयास नको.

खेड्यातील रस्त्यावर त्यात वेगातील तफावतीची भर पडते. ८० किंवा ९० च्या वेगाने येणाऱ्या मालमोटारीला वळणापलीकडे ४५ ने चाललेली गाडी दिसते, तेव्हा विचाराला फारसा अवधी उरत नाही. मागची रांग अधीर होते आणि कोणीतरी नको त्या ठिकाणी पुढे जाण्याचे धाडस करतो. १५ एप्रिल २०२४ पासून या गाड्यांना ठरावीक काळाने तांत्रिक तपासणी सक्तीची झाली. वेगरोधक यंत्रणा काढून टाकण्याच्या गैरप्रकारांना त्यामुळे काहीसा आळा बसेल. तपासणीचे शुल्क मात्र पुन्हा त्याच अडलेल्या मालकाच्या खिशातून जाईल.

नियम कडक करावेत तर खेड्यातील एकाकी माणूस घरात कोंडला जातो, सैल ठेवावेत तर तो आणि रस्त्यावरचे इतर धोक्यात येतात. या पेचातून सुटण्याचे मार्ग अगदीच नाहीत असे नव्हे. अनुदान शहरी हौसेऐवजी जेथे बस पोहोचत नाही तेथे वळविता येईल. परवान्याच्या शिक्षणाला ग्रामीण तरुणांसाठी भरीव साहाय्य देता येईल. धडक चाचण्यांचा किमान दर्जा हलक्या गाड्यांनाही लावता येईल. दारू पिऊन परवाना गमावणाऱ्यावर सरसकट सर्व वाहनांची बंदी घालून, त्याच्या कामाच्या प्रवासाची वेगळी सोय लावता येईल. यांपैकी प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो आणि तो सार्वजनिक तिजोरीतून यावा लागतो.

आजवर फ्रेंच शासनाने हा खर्च शांतपणे नागरिकावर सोपविला आहे. बंद झालेल्या स्थानकाच्या गावातील वृद्धेने स्वतःच्या बचतीतून दहा हजार युरो काढावेत, पातळ पत्र्याच्या आणि प्लॅस्टिकच्या डब्यात बसावे, मागच्या चालकांचे कर्णे ऐकत डॉक्टरकडे जावे आणि अंधार पडण्यापूर्वी सुखरूप परतावे, अशी ही व्यवस्था आहे. ती परतते तोवर कोणाला तिची दखल घ्यावीशी वाटत नाही. एखाद्या दिवशी ती परतली नाही, की गाड्यांवर बंदी घालण्याची मागणी होते. बसची मागणी मात्र कोणी करीत नाही.